ओलेत्याने

"नो टॉग्ज, मेट," लॉयड दुसऱ्यांदा म्हणाला आणि विश्राम सावे यांनी कमरेची अर्धी चड्डी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे, एवढं सिडनीत चौदा वर्षं काढल्यावर त्यांना ठाऊक होतं. आपली ही पोहण्याची चड्डी नव्हे, साधी घरातली आहे, असा बचाव त्यांनी मनातल्या मनात तयारही केला होता. पण लॉयडने त्यांच्या हातात रुमालाएवढा पांढरा टॉवेल ठेवला आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. चित्रातला गोलमटोल माणूस आधी लाकडी स्टुलावर बसून अंग घासत होता आणि मग डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून पाण्यात बसला होता. त्याच्या अंगावर दुसरं काही नव्हतं. "फर्स्ट वॉश, देन सोक. नो वरीज," म्हणून लॉयड निघून गेला. हे 'नो वरीज' या देशात सगळेच येताजाता म्हणतात. विश्रामरावांना ते आजवर एकदाही लागू पडलं नव्हतं.

काळजी हा विश्रामरावांचा स्वभावच होता. सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या घराला कुलूप लावून निघाले की निदान एकदा तरी ते गॅस बंद आहे का बघायला परत जात. नोकरीही काळजीला खतपाणी घालणारी होती. क्लबांच्या तरणतलावांचे, हॉस्पिटलांच्या तळघरातले पंप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते फिटर होते, आणि पंप बंद पडायच्या आधी त्याच्या आवाजात काय फरक पडतो ते ऐकणं हेच त्यांचं काम होतं. अशा माणसाला घरातली कुठलीच शांतता नुसती शांतता वाटत नाही.

आणि गेले दोन आठवडे तर जीव टांगणीलाच लागला होता. त्यांची निहारिका, पंचवीस वर्षांची, पॅरामॅटाच्या औषधाच्या दुकानात काम करता करता चक्कर येऊन पडली होती. शुद्धीवर आली ती पाच मिनिटांत, हसलीही, पण डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढायला सांगितला. रिपोर्ट मंगळवारी कळणार होता. दुसरी कुणी मुलगी असती तर एवढी धास्ती वाटली नसती. निहारिका सतराची असताना तिच्या मेंदूला सूज आली होती आणि ती कितीतरी दिवस बेशुद्ध होती.

ही जपानी गरम पाण्याची सहल तिनेच आईबाबांच्या गळ्यात मारली होती.

"सीरियसली, यू टू जस्ट सिट देअर अँड स्टेअर ॲट मी," ती म्हणाली होती. "मी अजून मेले नाहीये."

"असलं बोलू नये, बाळा," शैलाताई म्हणाल्या.

"मग जा ना! लाँग वीकेंड आहे. ट्यूसडेला मी डॉक्टरकडे येतेय ना तुमच्याबरोबर? तोपर्यंत प्लीज, गो अँड सिट इन सम हॉट वॉटर."

म्हणून शनिवारी दुपारी दोघं ब्लू माउंटन्समधल्या या लहानशा पाहुणघरात आले होते. लॉयड इथलाच, उंच आणि तांबूस दाढीचा. त्याची बायको मिसेस ओकुदा जपानची. दोघांनी मिळून डोंगराच्या कुशीत लाकडी घर बांधलं होतं, सरकत्या दारांचं, आणि मागे गरम पाण्याची दोन कुंडं केली होती, एक बायकांचं, एक पुरुषांचं.

चड्डी शेवटी उतरवावी लागली. विश्रामराव अंग घासून चटकन पाण्यात शिरले आणि हनुवटीपर्यंत बुडून बसले. पाणी छान होतं, खोटं कशाला बोला. पण दोन मिनिटांत त्यांचे कान टवकारले. भिंतीपलीकडे पंप चालू होता. बारीक, एकसुरी घरघर. म्हणजे हे पाणी पंपाने फिरवलेलं, बॉयलरने तापवलेलं. 'नॅचरल स्प्रिंग' म्हणतात ते काय मग? याचीही काळजी करायची का, असं ठरवत असतानाच वाफ जरा विरली आणि समोर त्यांना पायऱ्या दिसल्या.

कुंडाच्या कुंपणापलीकडून दगडी पायऱ्या डोंगरावर चढत होत्या. दोन्ही बाजूंना गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं, आणि पार वर, झाडांच्या शेंड्यांपाशी, तांबड्या लाकडाची एक कमान. कमानीमागे छोटं छप्पर. देऊळच ते, ओळखायला जपानी यावं लागत नव्हतं.

खाली गरम पाणी, मग पायऱ्या, वर देव.

विश्रामराव मूळचे विरारच्या बाजूचे. तिकडे गरम पाण्याची कुंडं म्हणजे वज्रेश्वरी. लहानपणी आईचा हात धरून ते तिथे गेले होते. खाली कुंडात बुडी मारायची आणि वर देवीला जायचं. ज्यांचा नवस असेल ते ओलेत्याने जायचे, कपडे न बदलता, न पिळता, तसेच निथळत. आईला त्यांनी तसं चढताना पाहिलं होतं, धाकट्या भावाचा ताप उतरला तेव्हा. पुढे ते शिकले, कारखान्यात लागले, चार पुस्तकं वाचली आणि त्यांनी हे सगळं सोडून दिलं. नुसतं सोडलं नाही, त्याची टिंगलही चालवली. गिरावीनमध्ये कुणाकडे सत्यनारायण असला की विश्रामराव गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसत, शिरा दोनदा मागून घेत आणि हात मात्र जोडत नसत. लग्नानंतर शैलाताईंनी त्यांच्या नोकरीसाठी कसलासा नवस बोलला होता, तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. "या घरात नवसबिवस चालणार नाहीत," असं त्यांनी बजावलं होतं, आणि शैलाताईंनी पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता.

असा हा माणूस आठ वर्षांपूर्वी एका दुपारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनसमोर उभा होता. आत निहारिका नळ्यांच्या जंजाळात पडलेली. मशीनमधला पंप अडखळत होता, कपात कॉफी पडत नव्हती, आणि विश्रामरावांच्या तोंडून मोठ्याने, चक्क मराठीत, शब्द गेले होते, "आई, तिला उठव. ओलेत्याने पायऱ्या चढून येईन." बाजूला उभ्या असलेल्या नर्सने त्यांना बसायला खुर्ची दिली होती.

दुसऱ्या दिवशी निहारिकेने डोळे उघडले. "व्हाय इज इट सो नॉइझी?" हे तिचे पहिले शब्द.

नवस फेडायचा राहून गेला होता. म्हणजे इंडियाला ते त्यानंतर दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला तर बहिणीने सगळ्यांना हौसेने वज्रेश्वरीलाच नेलं. पण ओलेत्याने चढायचं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं, आणि मेव्हण्याने ती बातमी संध्याकाळच्या आत अख्ख्या विरारला पुरवली असती. विश्रामराव गाडीपाशीच उभे राहिले. "तुमचं चालू द्या," म्हणाले आणि टपरीवर चहा प्यायले. आता दोन आठवडे झाले, रोज त्यांच्या मनात तो चहा येत होता. पोरीच्या डोक्याचा आणि आपल्या चहाचा काही संबंध नाही, हे त्यांना कळत होतं. नुसतं कळून भागत नव्हतं.

संध्याकाळी जेवण आलं. दोघं युकाता नावाचे निळ्या नक्षीचे सुती झगे घालून जमिनीवर बसली होती. मिसेस ओकुदा लहान लहान वाट्या मांडत होत्या. एका वाटीत मासळीचे गुलाबी तुकडे होते.

"हे शिजवायचं राहिलंय का हो?" शैलाताईंनी हळूच विचारलं.

"असंच खातात. खा आता."

एरवी या विषयावर निदान पाव तास बोलणं झालं असतं. बोंबलांवर आणि पापलेटांवर वाढलेली माणसं ती. पण आज दोघांचंही लक्ष ताटात नव्हतं. विश्रामरावांनी उगाचच इकडचं तिकडचं विचारून घेतलं. पाणी खरंच झऱ्याचं आहे का? झऱ्याचंच, मिसेस ओकुदा म्हणाल्या, पण गार येतं, म्हणून गॅसवर तापवतो. आणि ते वरचं देऊळ?

"जमीन घेतली तेव्हा बांधलं," त्या त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "डोंगराला विचारल्याशिवाय कसं राहायचं?"

"देव कुठला पण?"

"डोंगर."

"म्हणजे पुरुष की बाई?"

मिसेस ओकुदा तोंडावर हात धरून हसल्या. "बाई. आमच्या गावात डोंगर नेहमी बाईच. लिटल बिट अँग्री."

विश्रामरावांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

"इज इट लॉक्ड?" शैलाताईंनी एकदम विचारलं. "द टेंपल. मॉर्निंग टाइम?"

कुलूप नाही, कधीही जा, पण पायऱ्यांवर दव असतं, असं मिसेस ओकुदांनी सांगितलं. शैलाताईंनी मान हलवली आणि त्या ते गुलाबी तुकडे निमूटपणे खायला लागल्या. बायकोला देवळांची हौस, असं विश्रामरावांना वाटलं.

जेवण झाल्यावर त्यांनी काउंटरवरच्या फोनवरून घरी फोन लावला. दिवसातला हा तिसरा.

"बाबा, आय एम फाइन. आय एम वॉचिंग टीव्ही."

"डोकं कसंय?"

"माझं डोकं जागेवर आहे. तुमचं?"

"तुझ्या आईला देऊ का?"

"बाबा," निहारिका म्हणाली आणि जरा थांबली. तिचा आवाज बारीक झाला. "ट्यूसडेला ते काय सांगणार, मला आत्ता नाही विचार करायचाय. ओके? तुम्ही पण नका करू."

"ओके," विश्रामराव म्हणाले. फोन ठेवल्यावर ते तिथेच उभे राहिले. आपली पोर घाबरलीय, आणि आपण घाबरू नये म्हणून तिने आपल्याला इतक्या लांब पाठवलंय, हे त्यांना त्या थांबण्यात ऐकू आलं होतं. त्यांना रडू फुटायला आलं. समोर लॉयड लाकडं फोडून आत आणत होता, म्हणून त्यांनी ते गिळलं.

पहाटे त्यांना जाग आली तेव्हा शैलाताईंची गादी रिकामी होती. बाथरूमला गेली असेल. बरंच झालं, विश्रामरावांनी विचार केला, आता तिला काही सांगायला नको. ते चोरासारखे उठले, युकाता गुंडाळला आणि कुंडावर गेले.

अंग धुतलं, पाण्यात उतरले, तीन बुड्या मारल्या. गॅसवर तापवलेल्या पाण्याची शंका त्यांना रात्रभर छळत होती. शेवटी त्यांनी तडजोड केली होती, पाणी तर जमिनीतलंच आहे, आणि आंघोळीचं पाणी काय आपण घरी तापवत नाही? मग ओल्या अंगावर युकाता चढवला. तो पुरेसा भिजला नाही असं वाटून लाकडी बादलीने अंगावर पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. फसवाफसवी नको.

बाहेर पाऊल टाकलं आणि श्वासच अडकला. गवतावर हिम पडून ते पांढरं झालं होतं. झुंजुमुंजू होत होतं, एक मॅगपाय पक्षी कुठेतरी गळा साफ करत होता. पायांखालचा दगड चटके देत होता, इतका गार. ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची राहिली, हे त्यांना पहिल्याच पायरीवर आठवलं. छप्पन्न वर्षांचा माणूस असा ओला या थंडीत वर जाऊन पडला, तर मंगळवारी पोरीबरोबर डॉक्टरकडे कोण जाणार, ही काळजी दुसऱ्या पायरीवर. तरी ते चढत राहिले. दातांवर दात आपटत होते.

थोडं वर गेल्यावर ते थबकले. पायऱ्यांवर पाणी सांडलं होतं. दवाचं नव्हे. मोठे, गोल थेंब, आणि मधूनमधून अनवाणी पावलाचा अर्धवट ठसा. कुणीतरी आधीच वर गेलं होतं. लॉयड असणार, पाण्याची बादली घेऊन देऊळ धुवायला गेला असेल. विश्रामराव चटकन एका गमच्या बुंध्याआड झाले. लॉयडने आपल्याला या अवतारात पाहिलं तर काय सांगायचं? चुकून भिजलो? झोपेत चालत आलो? त्यांना वज्रेश्वरीच्या टपरीवर उभं असताना झालं होतं अगदी तसंच झालं. परत फिरावं. कुणाला कळणारही नाही. खाली जाऊन गरम पाण्यात बसावं, झालं.

ते खरोखरच एक पायरी उतरले. मग त्यांना फोनवरचं ते थांबणं आठवलं, आणि स्वतःचा इतका राग आला की थंडी क्षणभर विसरली. बघू दे लॉयडला. अख्ख्या ब्लू माउंटन्सला बघू दे. ते झाडाआडून बाहेर आले आणि वर चढायला लागले.

कमानीतून कुणीतरी खाली येत होतं. लॉयडएवढं उंच नव्हतं. निळ्या नक्षीचा युकाता अंगाला चिकटलेला, मोकळे केस निथळताहेत, एक हात बांबूच्या कठड्यावर. एकेक पायरी जपून उतरत ती व्यक्ती जवळ आली आणि समोर विश्रामरावांना पाहून जागच्या जागी थिजली.

शैलाताई होत्या.

"तुम्ही?" त्यांचे ओठ निळे पडले होते. नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ओल्या झग्यावर गेली, तिथून अनवाणी पावलांवर.

"तू काय करतेस इथे?" विश्रामराव म्हणाले, पण ते विचारायलाच नको होतं.

"ती बेशुद्ध होती तेव्हा बोलले होते," शैलाताई खाली बघून म्हणाल्या. हुडहुडीने शब्द तुटत होते. "वज्रेश्वरीला. ओलेत्याने येईन म्हणून. तुम्हाला चाललं नसतं. रागावणार असलात तर खाली गेल्यावर रागवा."

रागावायचं कुठलं, विश्रामराव एक पायरी चढून तिच्यासमोर आले.

"मी पण," ते म्हणाले.

"काय तुम्ही पण?"

"मी पण बोललो होतो. तेव्हाच. कॉफीच्या मशीनपाशी. तिलाच."

शैलाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसतील असं विश्रामरावांना वाटलं. इतक्या सत्यनारायणांचं, इतक्या शिऱ्याचं त्यांनी हसून उट्टं काढलं असतं तरी त्यांची तक्रार नव्हती. शैलाताई हसल्या नाहीत.

"आपण गेलो होतो की तिथे," विश्रामराव म्हणाले. "ताईबरोबर. तेव्हा का नाही फेडलास?"

"तुम्ही गाडीपाशी उभे होतात," त्या म्हणाल्या. "कुंडावर मी एकटी कशी जाणार? सगळ्यांनी विचारलं असतं. मग तुम्हालाही कळलं असतं."

एवढंच त्या म्हणाल्या. दोषही दिला नाही. पण विश्रामरावांना ते काळजात लागलं. आपण चहा पीत उभे होतो, आणि ती आपल्यामुळे देवळात कोरड्या साडीने गेली आणि कोरडीच परत आली. आठ वर्षं दोघं एकाच पलंगावर एकच धास्ती उराशी धरून झोपली होती, आणि एकमेकांना चुकूनही बोलली नव्हती.

"चल," ते घाईघाईने म्हणाले. "खाली चल आधी. पाण्यात बस जाऊन. न्यूमोनिया होईल तुला."

"आणि तुमचं?"

"तू केलंस ना? आपल्या पोरीसाठीच ना ते? एकाने केलं तरी..."

"तुमचं मी कसं करणार?" शैलाताई म्हणाल्या.

"मला वर गेल्यावर काय म्हणायचं तेही माहीत नाही. जपानी बाई ती."

"मराठीतच बोला. मी मराठीतच बोलले."

"काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मंगळवारचं सांगितलं. उशीर झाला, राग धरू नको म्हटलं."

खाली कुठेतरी सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. लॉयड उठला असावा. विश्रामरावांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. ते बायकोकडे बघत होते. ती उभ्या जागी कुडकुडत होती, बाह्यांमधून पाणी ठिबकत होतं. त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी तिची ओली बाही हातात घेतली आणि पिळायला लागले.

शैलाताईंनी बाही ओढून घेतली.

"पिळू नका," त्या म्हणाल्या. "जोडीने जायचंय ना."

आणि पाठ फिरवून त्या पुन्हा पायऱ्या चढायला लागल्या.